ताण

टॅबवर एकेचाळीस प्रश्न. वय तेरा ते एकोणीस.
बेनोड्याच्या शाळेत मला प्रयोगशाळेमागची खोली दिली आहे,
बेडकाच्या बरणीची,
आणि एक पंखा, जो आवाज करतो, फिरत नाही.
जानेवारी आहे म्हणून चालतं.

मागच्या पंधरा दिवसांत किती दिवस उदास वाटलं?
सम्यक इंगळे, दहावी ब, खिडकीबाहेर बघत म्हणतो,
"उदास नाई, मॅडम. करमत नाई."

पर्याय चार. एकही दिवस नाही. काही दिवस.
निम्म्याहून जास्त दिवस. जवळपास रोज.
करमत नाही, याला चौकोन नाही.
कुठं करमत नाही? घरी? शाळेत?
तो जरासा हसतो.
"माह्यातच."

झोप किती वाजता? "दोन. कधी तीन."
मोबाइल?
"नाई, मोटर. लाइन रातीचीच राह्यते, चालू कराले जा लागते."
मोबाइल, अभ्यास, इतर.
इतर.

प्रशिक्षणात नागपूरच्या डॉक्टर मॅडमनी
पडद्यावर मेंदू दाखवला होता, भिजवलेल्या कणकेच्या रंगाचा.
या वयात तो नुसता घडत नाही, म्हणाल्या, छाटतोही.
ज्या वाटेनं कुणी जात नाही ती मोडून टाकतो.
कपाळामागचा भाग सगळ्यात शेवटी पिकतो,
पंचविशीच्या आसपास.
"तोवर?" मागून कुणीतरी विचारलं, आणि सगळे हसले.
मी वहीत लिहिलं, छाटणी,
आणि त्याखाली, का कोण जाणे, बाबांचं नाव.

बाबा लोकांच्या बागेत संत्र्याची सल काढायचे.
वाळलेलं संपतं तिथं थांबायचं नाही,
दोन बोटं खाली, ओल्या लाकडात कापायचं,
मग मोरचूद-चुन्याचा लेप,
आणि त्या झाडापाशी उगाच बडबड करत बसायचं.
ते का, हे मी कधी विचारलं नाही.

आणि बहारासाठी ताण.
पाणी तोडायचं. पानं मलूल होतात, पिवळी पडतात,
रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटतं, गेली बाग.
मग एके दिवशी पाणी सोडलं
की नवती फुटते, फुलांच्या वासानं डोकं जड होतं.
हलक्या जमिनीला वीस दिवस,
भारीला दीड महिना.
"जमीन पाह्यल्याबिगर ताण देऊ नाई," बाबा म्हणायचे.
एका मालकानं ऐकलं नाही.
धुऱ्याकडची अकरा झाडं परत आलीच नाहीत.
वरून सारखीच काळी होती माती.
खाली मुरूम.

"ताण घेतल्याशिवाय कोणी घडते काय?"
हेडसर मला चहा देताना म्हणतात.
खिडकीबाहेरची बाग आत्ता ताणावरच आहे.
चुकीचं काही बोलत नाहीत ते,
फक्त किती दिवस, हे सांगत नाहीत.

मृणाली आंडे, नववी,
सगळ्याला "एकही दिवस नाही", दीड मिनिटात,
आणि दारातून वळून,
"हे कोणी वाचते काय?"

शेरा लिहायला एक ओळ असते.
मी सम्यकच्या नावापुढे टाइप करते, करमत नाही.
टॅब सुचवतो, करमणूक.
मी खोडते. पुन्हा करमणूक.
तिसऱ्यांदा एकेक अक्षर दाबून बसवते,
बाबा लेप लावायचे तसं, काठापर्यंत.

प्रश्न एकेचाळीस. मन मोकळं करावंसं वाटलं तर कुणाशी बोलाल?
आई, वडील, मित्र, शिक्षक, कुणाशीच नाही.
तो यादी वाचतो. परत वाचतो.
"तुमी कवा येता?"

दुसरी फेरी अकरा महिन्यांनी आहे.
कागदावर तसंच लिहिलं आहे, सहीसकट.

गुरुवारी, मी म्हणते.
गुरुवारी माझं काम जरूडला आहे.